पत्ता मिरज, पेन्शन २०१० चं

लंडनच्या नीझडन डेपोत सकाळच्या चहाला आम्ही चौघं एकाच बाकावर बसायचो. एक आयर्लंडमधल्या कॉर्कचा, एक बार्बाडोसचा, एक त्रिनिदादचा आणि मी मिरजेचा. भुयारी रेल्वेच्या गाड्यांची विजेची जोडणी तपासायची, बिघाड काढायचा, हे आमचं काम. लंडनच्या वाहतूक खात्यानं १९५६ पासून थेट बार्बाडोसला जाऊन नोकरभरती केली होती, पुढं १९६६ पासून जमैका आणि त्रिनिदादमध्येही केली. मी आयटीआयचं प्रमाणपत्र आणि कामाचं व्हाउचर घेऊन १९७१ साली गेलो, तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो.

पगाराची चिठ्ठी हातात आली की चौघांच्याही चिठ्ठीवर एक कपात असायचीच, 'नॅशनल इन्शुरन्स'. त्या वेळी तिची कुरकुर करणाऱ्या पोरांना आमचा आयरिश दोस्त सांगायचा की ही म्हातारपणाची बेगमी आहे. आम्हाला ते पटलेलं होतं. मी ३९ वर्षं ती वर्गणी भरली. मे २०१० मध्ये पासष्टी पूर्ण झाली आणि सरकारी मूळ पेन्शन पूर्ण दरानं सुरू झालं, आठवड्याला ९७ पौंड ६५ पेन्स. त्याच वर्षी ऑक्टोबरात आम्ही नवरा-बायको सामान बांधून मिरजेला परत आलो.

आता पुढचं ऐका. कॉर्कच्या मित्राचं पेन्शन दर एप्रिलमध्ये वाढतं. बार्बाडोसच्या मित्राचंही वाढतं. त्रिनिदादचा मित्र आणि मी मात्र जिथं होतो तिथंच आहोत. २०२५ च्या एप्रिलपासून ब्रिटनमध्ये हेच मूळ पेन्शन आठवड्याला १७६ पौंड ४५ पेन्स झालं. माझं अजून ९७.६५ आहे. फरक आठवड्याला ७८ पौंड ८० पेन्सचा, वर्षाला चार हजार पौंडांच्या वर. रुपयांत धरला तर चार लाखांहून जास्त. काम एक, कपात एक, बाकही एक. फरक फक्त म्हातारपणी कुठल्या गावात राहायला गेलो, एवढाच.

याला ब्रिटनमध्ये 'फ्रोझन पेन्शन' म्हणतात, गोठलेलं पेन्शन. असे पेन्शनर जगात साडेचार लाखांच्या आसपास आहेत. त्यातले बहुतेक ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत राहतात. भारत आणि पाकिस्तानही याच यादीत येतात. म्हणजे ज्या देशांशी ब्रिटननं राष्ट्रकुलाचं नातं मोठ्या अभिमानानं सांगितलं, गोठलेले पेन्शनर मुख्यतः त्याच देशांत आहेत.

नियम असा आहे. पेन्शन जगात कुठंही मिळतं. त्यातली वार्षिक वाढ मात्र ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना, युरोपीय संघातल्या देशांत आणि स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्यांना, आणि ज्या देशांशी ब्रिटनचा वाढीसकट सामाजिक सुरक्षा करार आहे तिथं राहणाऱ्यांनाच मिळते. अमेरिका, जमैका, बार्बाडोस, इस्राएल, तुर्कस्तान, फिलिपिन्स यांच्याशी असे करार आहेत. कॅनडा आणि न्यूझीलंडशी करार आहेत, पण त्यांत वाढीचं कलम नाही. त्यामुळे नायगारा धबधब्याच्या अमेरिकेकडच्या काठावर राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनरला वाढ मिळते आणि समोरच्या कॅनडाच्या काठावरच्याला मिळत नाही. कॅरिबियन बेटांचंही तेच. बार्बाडोसला आहे, त्रिनिदादला नाही.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे हा नियम कसा चालतो ते ध्यानात येईल. २०१८ च्या उन्हाळ्यात पुतणीच्या लग्नासाठी आम्ही पाच आठवडे लंडनला गेलो. ब्रिटनच्या भूमीवर असेपर्यंत चालू दरानं पेन्शन मागता येतं, हे मला जुन्या सहकाऱ्यानं सांगितलं. मी रीतसर कळवलं. त्या पाच आठवड्यांसाठी माझं पेन्शन १२५ पौंड ९५ पेन्स झालं. मुंबईला उतरून मिरजेची गाडी धरली आणि ते पुन्हा ९७.६५ वर आलं. त्या पाच आठवड्यांत माझी पात्रता वाढली नव्हती की नंतर कमी झाली नव्हती. बदलला होता तो फक्त पत्ता.

लोक मला म्हणतात, पौंडाचा भाव तर वाढला की. खरं आहे. आम्ही परतलो तेव्हा पौंड सत्तर रुपयांच्या आसपास होता, आता शंभराच्या बराच वर आहे. पण पंधरा वर्षांत औषधांचं बिल, रात्री सोबतीला येणाऱ्या बाईंचा पगार आणि दवाखान्याचा खर्च कुठल्या कुठं गेला, हेही त्यांनी बघावं. शिवाय विनिमयाचा दर ही बाजाराची गोष्ट आहे. उद्या तो खाली आला तर माझ्या पेन्शनला आधार कसला? नोकरीतून मिळणारं माझं दुसरं पेन्शन, म्हणजे रेल्वेच्या पेन्शन फंडातलं, मिरजेतही दरवर्षी थोडं वाढतं. देशाबाहेर वाढ देणं जमतच नाही, असं म्हणायला म्हणूनच जागा उरत नाही.

हा प्रश्न न्यायालयात गेला तो एका बाईंमुळे. ॲनेट कार्सन १९८९ साली दक्षिण आफ्रिकेला स्थायिक झाल्या. २००० साली त्यांचं पेन्शन सुरू झालं आणि मूळ रक्कम आठवड्याला ६७ पौंड ५० पेन्सवर गोठली. त्यांनी दावा केला की ही राहण्याच्या ठिकाणावरून केलेली विषमता आहे. मे २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. लॉर्ड कार्सवेल या एकट्या न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूनं मत दिलं. पुढं आणखी बारा जणांना सोबत घेऊन त्या स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या. तिथल्या मोठ्या पीठानं १६ मार्च २०१० रोजी निकाल दिला, ११ विरुद्ध ६. म्हणजे तिथंही हरल्या.

सांगलीच्या कोर्टात वकिली करणाऱ्या माझ्या पुतण्यानं तो निकाल मला छापून दिला. मी तो महिनाभर पुरवून वाचला. न्यायालयांचं म्हणणं थोडक्यात असं: नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी म्हणजे खासगी विम्याचा हप्ता नव्हे. ती करपद्धतीचाच एक भाग आहे, त्यातून आजारपणाचे, बेकारीचे, नाना तऱ्हेचे भत्ते दिले जातात. पेन्शनची वाढ ब्रिटनमधल्या महागाईशी जोडलेली आहे, त्यामुळे देशाबाहेर राहणारा आणि आत राहणारा यांची तुलना होऊ शकत नाही. करार कुणाशी करायचे हे सरकारनं ठरवायचं. सरकारचं म्हणणंही अनेक दशकं हेच आहे आणि त्याला खर्चाची जोड आहे.

मी वकील नाही, पण एवढं मला कळतं की 'तुलनाच होऊ शकत नाही' हे उत्तर बार्बाडोसच्या घरापाशी येऊन अडतं. ब्रिटनच्या महागाईचा बार्बाडोसच्या भाजीबाजाराशी जितका संबंध, तितकाच मिरजेच्या भाजीबाजाराशी. तिथं वाढ देता येते, कारण करार आहे. मग हा हक्काचा प्रश्न न राहता दोन सरकारांमधल्या वाटाघाटीचा होतो, आणि ज्याच्या आयुष्याबद्दल वाटाघाट चालते त्या म्हाताऱ्या माणसाला तिथं खुर्ची नसते.

आपल्याकडे याच विषयावर वेगळा विचार झाला आहे, तोही पुष्कळ आधी. केंद्र सरकारनं १९७९ साली पेन्शनचं सुधारित सूत्र आणलं आणि ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना त्यातून वगळलं. डी. एस. नाकरा नावाचे निवृत्त अधिकारी सर्वोच्च न्यायालयात गेले. सोबत एच. डी. शौरी यांची 'कॉमन कॉज' ही संस्था उभी राहिली. १७ डिसेंबर १९८२ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला. सरन्यायाधीश होते आपल्या पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णू चंद्रचूड, आणि निकाल लिहिला न्या. डी. ए. देसाईंनी. पेन्शन ही सरकारनं मेहेरबानी म्हणून टाकलेली भीक नाही, ते केलेल्या सेवेचं फळ आहे, आणि एकाच वर्गातल्या पेन्शनरांना मनमानी तारखेनं दोन गटांत तोडता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. आजही १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. तिथं तारखेनं तोडलं होतं, इथं पत्त्यानं तोडलं आहे. मला दोन्हींत अन्याय सारखाच दिसतो.

अर्थात, आपल्या घरी सगळं बरं आहे असं मी म्हणणार नाही. माझा धाकटा भाऊ साखर कारखान्यात तीस वर्षं राबला. त्याला भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतलं पेन्शन मिळतं. त्याला महागाई भत्ता जोडलेला नाही. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिन्याला हजार रुपये ठरलं. भाऊ मला म्हणतो, "दादा, तुझं पंधरा वर्षांपूर्वी गोठलं, माझं सुरू झालं त्याच दिवशी." त्याच्यापुढं माझी तक्रार छोटी वाटते, आणि ती तशी आहेही. पण तो दरवर्षी कारखान्याच्या जुन्या सोबत्यांबरोबर मोर्चाला जातो. त्याच्याकडून मी एक गोष्ट शिकलो. एकट्याचा अर्ज फायलीत जातो, शंभर जणांचा अर्ज निदान वाचला जातो.

परक्या देशात, किंवा परत आपल्या देशात पण परका नागरिक म्हणून, म्हातारपण काढणाऱ्याला आधी आपला कायदेशीर दर्जा नीट समजला पाहिजे. मी १९७९ साली ब्रिटिश पासपोर्ट घेतला. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. आज माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे. लोक त्याला दुहेरी नागरिकत्व समजतात. तसं ते नाही. तो आजीवन व्हिसा आहे. मी मिरजेत हवे तितके दिवस राहू शकतो, परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करत बसावं लागत नाही, बँकेत खातं आहे, घर नावावर आहे. पण इथं मला मत नाही. तासगावच्या वडिलार्जित द्राक्षबागेच्या सातबाऱ्यावर वारसानं माझं नाव लागलं, ते चालतं. शेजारचा गुंठाभर तुकडा विकत घ्यायचा म्हटलं तर चालत नाही.

तिकडचंही तसंच. ब्रिटनमधले मोफत सरकारी उपचार पासपोर्टवर किंवा भरलेल्या वर्गणीवर ठरत नाहीत, तिथल्या कायम वास्तव्यावर ठरतात. मी आता तिथं पाहुणा आहे. थोडक्यात, एका देशात नागरिक आहे पण रहिवासी नाही, दुसऱ्या देशात रहिवासी आहे पण नागरिक नाही. या दोन्हींच्या मधल्या फटीत माझ्यासारखे पुष्कळ लोक आहेत आणि त्यातल्या अनेकांना ती फट पाय अडकल्यावरच दिसते.

माझा पाय हयातीच्या दाखल्यात अडकला. परदेशी राहणाऱ्या पेन्शनरांना अधूनमधून हा फॉर्म पोस्टानं येतो. आपण जिवंत आहोत, असं डॉक्टर, बँकेचा अधिकारी अशा एखाद्या परक्या साक्षीदाराची सही घेऊन कळवायचं असतं. नातेवाइकाची सही चालत नाही. एका पावसाळ्यात तो फॉर्म टपालात कुठंतरी रखडला, मला आलाच नाही आणि पेन्शन थांबलं. दोन हप्ते खात्यात जमा झाले नाहीत तेव्हा कळलं. फोन, पत्रं, आमच्या आळीतल्या डॉक्टरांची सही, असं करत अडीच महिन्यांनी थकबाकीसकट पैसे आले. त्या काळात हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकलावं लागलं. तेव्हापासून मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर फॉर्मचा महिना लाल पेनानं लिहून ठेवतो.

मग या फटीतल्या माणसांनी करायचं काय? याचं उत्तर मला हॅरी शिंडलर यांच्या गोष्टीत सापडलं. दुसऱ्या महायुद्धात लढलेले हे ब्रिटिश गृहस्थ निवृत्तीनंतर इटलीत राहायला गेले. ब्रिटन सोडून पंधरा वर्षं झाली की नागरिकाचा मतदानाचा हक्क जायचा. त्यांचाही गेला. त्यांनी इटलीतल्या ब्रिटिशांची संघटना बांधली आणि वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, खासदारांना भेटले. २०१३ साली स्ट्रासबर्गच्या न्यायालयात ते हरले. पण थांबले नाहीत. २०२२ साली ब्रिटिश संसदेनं कायदा करून पंधरा वर्षांची अट काढून टाकली. शिंडलर फेब्रुवारी २०२३ मध्ये १०१ व्या वर्षी गेले. १६ जानेवारी २०२४ पासून नवी तरतूद अमलात आली. जे न्यायालयानं दिलं नाही ते संसदेनं दिलं, कारण मागणी करणारे एकत्र होते आणि चिकाटीचे होते.

गोठलेल्या पेन्शनसाठीही संघटना आहेत. कॅनडात 'कॅनेडियन अलायन्स ऑफ ब्रिटिश पेन्शनर्स' आहे, ऑस्ट्रेलियात 'ब्रिटिश पेन्शन्स इन ऑस्ट्रेलिया' आहे, आणि जगभरचे गट 'इंटरनॅशनल कन्सॉर्टियम ऑफ ब्रिटिश पेन्शनर्स' या नावाखाली एकत्र आले आहेत. ब्रिटिश संसदेत या विषयावर सर्वपक्षीय खासदारांचा गट आहे. यजमान देशही बोलतात. ऑस्ट्रेलियानं या प्रश्नावरून २००१ साली ब्रिटनबरोबरचा सामाजिक सुरक्षा करारच संपवला. डिसेंबर २०२४ मध्ये ॲन पकरिज नावाच्या बाई कॅनडातल्या कॅलगरीहून लंडनला आल्या. महायुद्धात सैन्यदलात सेवा केलेल्या, शंभराव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावरच्या. त्यांचं पेन्शन २००१ पासून आठवड्याला ७२ पौंड ५० पेन्सवर आहे. पंतप्रधानांची भेट मागायला त्या इतका प्रवास करून आल्या. वर्तमानपत्रात तो फोटो पाहून मला स्वतःची लाज वाटली. मी ऐंशीचाही नव्हतो आणि कंटाळून गप्प बसलो होतो.

गप्प बसण्याचं कारण कळतं. भारतात परतलेले आम्ही विखुरलेले आहोत. कुणी जालंधरला, कुणी आणंदला, कुणी मिरज-सांगली-पुण्याला. लंडनला होतो तेव्हा डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला सगळे भेटायचो. १९३२ साली स्थापन झालेल्या त्या मंडळानं आम्हाला परक्या शहरात माणसं दिली. परतल्यावर मात्र जो तो आपापल्या घरात गेला. भारत सरकारनं जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, कॅनडा, जपान अशा देशांशी सामाजिक सुरक्षेचे करार केले आहेत. ब्रिटनशी २०२५ साली मुक्त व्यापार करार झाला, त्याच्या सोबतीनं थोड्या काळासाठी जाणाऱ्या कर्मचाऱ्यांची दोन्हीकडची दुहेरी वर्गणी टाळण्याचं ठरलं. तरुणांसाठी ते चांगलंच आहे. पण ज्यांची वर्गणी भरून झाली, त्यांच्या पेन्शनच्या वाढीचा विषय त्यात आलेला नाही. कारण तो मांडायला टेबलाजवळ आमचं कुणी नव्हतं.

यात एक दार दरवर्षी उघडतं. पेन्शनचे नवे दर ठरले की परदेशस्थांना वाढ न देण्याचे नियम सरकारला दरवर्षी संसदेपुढं ठेवावे लागतात. म्हणजे दरवर्षी कुणीतरी खासदार उभा राहून विचारू शकतो. त्याला विचारायला लावणारा मतदार हवा.

माझ्या बाबतीत पंधरा वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली असती. नव्या कायद्यामुळे संपली नाही. लंडनमधल्या शेवटच्या पत्त्याच्या मतदारसंघात माझं नाव आहे. मतपत्रिका पोस्टानं वेळेत पोचेल याचा भरवसा नसतो, म्हणून जुलै २०२४ च्या निवडणुकीत पुतणीला माझ्या वतीनं मतदानाचा अधिकार दिला. निकालानंतर तिथल्या खासदारांना सविस्तर पत्र लिहिलं. आता दर तीन महिन्यांनी लिहितो. मिरज, सांगली आणि कोल्हापुरातले ब्रिटनहून परतलेले सात जण मी शोधून काढले आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या ओसरीवर बसतो. एकमेकांचे फॉर्म तपासतो, पत्रांवर सह्या करतो.

ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या आजच्या तरुण मराठी मुलामुलींना माझं सांगणं आहे: परत यायचं ठरवण्याआधी आपली नॅशनल इन्शुरन्सची नोंद तपासा. नव्या पेन्शनसाठी किमान १० वर्षांची नोंद लागते, पूर्ण दरासाठी साधारण ३५. आणि भारतात पेन्शन ज्या आकड्यावर सुरू होईल त्याच आकड्यावर राहील, हे धरूनच म्हातारपणाचा हिशेब मांडा.

आणि तुम्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या आळीत, नात्यात ब्रिटनहून परतलेलं एखादं वयस्क जोडपं असेल तर एक संध्याकाळ त्यांच्याकडे जा. हयातीचा दाखला वेळेत गेला का, ते विचारा. त्यांचा पासपोर्ट ब्रिटिश असेल तर मतदार नोंदणी झाली आहे का आणि तिची मुदत संपत तर नाही ना, ते बघा, कारण ती दर तीन वर्षांनी नवी करावी लागते. त्यांचे डोळे आता बारीक अक्षरांना साथ देत नसतील. तो फॉर्म तुम्ही त्यांना वाचून दाखवा आणि त्यांच्या शेजारी बसून भरा.